ऐकून घेणारं गिऱ्हाईक

स्टँडवरून रिक्षात बसल्याबरोबर माझी बायको महानंदा म्हणाली, "लगेच दुकानात नको. आधी गाव फिरू."

"गाव काय फिरायचं? जन्म गेला की तुझा इथं."

"जन्म कुठं गेला? निम्माच गेला."

रिक्षावाल्यानं मागं वळून विचारलं, "कुठं घेऊ मग, साहेब?"

"तलावाकडून घे," मी म्हटलं. "सावकाश घे. खड्डे चुकव."

तो म्हणाला, "सोलापुरात खड्डे चुकवायचे तर रस्ता कुठनं आणू?" महानंदा हसली. हसताना तिनं पोटावर हात धरला. त्या दिवसांत ती हसली तरी पोट धरायची, खोकली तरी धरायची.

याला आता बरीच वर्षं झाली. जानेवारी संपत आला होता. सिद्धेश्वराची यात्रा, म्हणजे आमचा गड्डा, नुकताच उठला होता. मैदानात पाळण्यांचे खांब तसेच उभे होते आणि कागद उडत होते. आम्ही सोलापूर सोडल्याला वीस वर्षं होऊन गेली होती. मधे एकदाही आलो नव्हतो. पुण्याच्या डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं होतं की पाडव्यापर्यंत धरून चला. मी तिला सांगितलं नाही. तिनंच विचारलं, "पाडवा म्हणाले ना? मला ऐकू आलं." मग म्हणाली, "मला एकदा सोलापूरला न्या. दिगूदादानं मला एकदा नावानं हाक मारली पाहिजे. बाकी काही नको. साडीचोळी नको, माफी नको. 'नंदे' म्हणू दे एकदा."

एवढ्यासाठी आम्ही आलो होतो.

दिगूदादा म्हणजे दिगंबर क्षीरसागर, तिचा थोरला भाऊ. आईवडील लवकर गेले. त्यानंच तिला वाढवलं. वेणी घालण्यापासून सगळं केलं. हिचं लग्न झालं की मी करीन, असं म्हणत त्यानं स्वतःचं लग्न पुढं ढकललं होतं. भुईगल्लीच्या चौकात त्याचं रेकॉर्डचं दुकान होतं, क्षीरसागर रेडिओज. दुकानावर मोठा कर्णा होता. सकाळी भक्तिगीतं, दुपारी नाट्यगीतं, संध्याकाळी सिनेमाची गाणी, असं त्याच्या मर्जीनं चाले. सगळा चौक त्या कर्ण्याला क्षीरसागरांचा बाजा म्हणायचा, आणि दिगूदादाला अण्णा. चौकात कुणी वारलं की बाजा बंद व्हायचा. नात्याचा असो, परका असो, गिऱ्हाईक असो. घरोघरी बायका कामं करता करता थांबायच्या आणि विचारायच्या, "बाजा बंद झाला. कोण गेलं गं?"

मी महानंदाला घेऊन पुण्याला गेलो तेव्हा दिगूअण्णांनी तेरा दिवस बाजा बंद ठेवला. जात आडवी होती, आणि मी मिलमधला बदली कामगार होतो. कुणी विचारलं तर अण्णा सांगायचे, "बहीण वारली." ती कुठं आहे हे चौकाला माहीत होतं. पण एकानंही तोंड उघडलं नाही. तेराव्याला बाजा सुरू झाला आणि विषय संपला.

रिक्षा नव्या पेठेत आली. महानंदा म्हणाली, "थांबवा, थांबवा. मनोहर रेकॉर्ड हाऊस."

तिथं आता चपलांचं दुकान होतं. तरी ती उतरली. पदर डोक्यावरून नीट घेतला. औषधांनी केस गेले होते, म्हणून ती कायम पदर घ्यायची. आत गेली आणि गल्ल्यावरच्या माणसाला म्हणाली, "इथं जुन्या रेकॉर्डी मिळायच्या. अर्ध्या किमतीत."

"मावशी, आता चपला मिळतात. पूर्ण किमतीत. दाखवू?"

"दाखवा."

मी म्हटलं, "अगं, कशाला?" पण ती बसली. त्यानं एकामागून एक काढल्या. पाय सुजलेले होते, एकही चढेना. तो बिचारा म्हणाला, "मावशी, दिवस चढला की पाय फुगतात. सकाळी लवकर या." ती बरं म्हणाली आणि उठली. बाहेर आल्यावर मला म्हणाली, "त्या कोपऱ्यात पेट्या असायच्या. तुम्ही मांडी घालून धूळ झटकत बसायचात. आठवतंय?"

मला आठवत होतं. मला हे पण कळत होतं की ती वेळ काढते आहे. तिला भावाची भीती वाटत होती. पाडव्याची वाटत नव्हती, पण भावाची वाटत होती.

तलावाच्या कठड्यावर आम्ही थोडा वेळ बसलो. मी शेंगा घेतल्या. तिला खाता येत नव्हत्या. ती सोलून माझ्या हातावर ठेवत होती. मी म्हटलं, "नंदा, उशीर करून काय होणार? जाऊ या."

"तिथं तुम्ही बोलायचं नाही. तुमचा आवाज ऐकला की तो उठून जाईल."

"नाही बोलत."

"काही म्हणाला तरी."

"नाही."

भुईगल्लीच्या चौकात दुकानासमोरच लाडलेसाबचं चहाचं हॉटेल. आमच्या वेळी तिथं पण रेकॉर्डी वाजायच्या. चहा सांगताना गाणं सांगायचं, नंबर लागला की वाजायचं. गाणं येईपर्यंत एका चहावर बसायची मुभा होती. मिलची पाळी सुटली की पाय ठेवायला जागा नसायची. आता तिथं टीव्ही होता आणि चारपाच माणसं क्रिकेट बघत होती. लाडलेसाब गल्ल्यावर होता. दाढी पांढरी झाली होती.

मला बघून ओरडला, "काय बे नागू! जित्ता हायस काय बे?"

"आहे की."

"पुण्याचं पाणी लागलंय तुला. पोट बघ की बे, मापात नाही राहिलं." मग त्याला मागची महानंदा दिसली. आधी ओळखलं नाही. ओळखल्यावर गल्ल्यावरून खाली उतरला. "वहिनी," म्हणाला आणि फडक्यानं बाक पुसलं. आत बघून ओरडला, "दोन पेशल, साखर कमी!" मग टीव्हीचा आवाज बारीक केला.

टीव्ही बारीक झाल्यावर समोरचा कर्णा ऐकू आला. कॅसेटवर कुणीतरी अभंग गात होतं. महानंदा ऐकत राहिली.

"कसा आहे?" तिनं विचारलं.

"अण्णा? हाय की. एकटाच. लगीन नाही केलं. भाकरी स्वतः थापतो, आणि माझ्याच चहाला नावं ठेवतो." लाडलेसाब तिच्याकडं बघत होता, हातांकडं, गळ्याकडं. मग मला म्हणाला, "घरी जाऊ नका बरं का. घरी दार लावून घेईल. दुकानात जावा. दुकानात आलेल्याला तो परत नाही पाठवत. दुश्मन आला तरी आधी ऐकवतो."

"मला माहीत आहे," महानंदा म्हणाली.

मलाही माहीत होतं. दिगूअण्णांचा नियम होता. गिऱ्हाइकानं रेकॉर्ड मागितली की आधी एक बाजू पूर्ण ऐकवायची. घ्यायची की नाही ते मग. न घेता गेला तरी तोंड वाकडं करायचं नाही. आणि रेकॉर्ड चालू असताना दुकानात कुणी बोलायचं नाही, अण्णांनी पण नाही. मिलच्या गेटवर सकाळी बदलीला काम मिळालं नाही की मी त्या दुकानात येऊन बसायचो. एक बाजू मागायचो, ऐकायचो, नको म्हणायचो, दुसरी मागायचो. महानंदा गल्ल्यामागं सुया आणि डब्या लावत बसलेली असायची. बोलायची बंदी होती म्हणून आम्ही बोललो नाही. असं एक वर्ष गेलं. सगळं न बोलता ठरलं.

चहा अर्धा टाकून ती उठली. "चला."

दुकान तेच होतं. पुढच्या बाजूला काचेत कॅसेटी आल्या होत्या, मागच्या फळ्यांवर रेकॉर्डी तशाच उभ्या. बाक तेच. भिंतीला काळी फळी होती, तिच्यावर गिऱ्हाइकांनी मागवलेल्या कॅसेटी आणि फोन नंबर खडूनं लिहिलेले होते. अण्णा एक रेडिओ उघडून बसले होते. खाली बघतच म्हणाले, "या. काय पाहिजे?"

ती गल्ल्यापुढं जाऊन उभी राहिली. त्यांनी वर बघितलं. हातातला पेचकस तसाच राहिला. मग त्यांनी माझ्याकडं बघितलं, एकदाच. पेचकस खाली ठेवला, हात पुसले आणि बाहेरच्या कर्ण्याचा आवाज बंद करून म्हणाले, "काय पाहिजे, बाई?"

मी बाकाच्या टोकाला बसलो. ती मधे बसली.

"एक गौळण होती," ती म्हणाली. "लाखेची, जाड रेकॉर्ड. संध्याकाळ झाली, पोर घरी आलं नाही, म्हणून आई हाका मारते. गाणारी हुबळीकडची."

"आहे. पण विकायची नाही ती."

"ऐकायला मिळेल?"

"मागितली तर ऐकवावी लागते."

त्यांनी शोधली नाही. हात सरळ गेला आणि काढली. पंच्यानं पुसली, यंत्रावर ठेवली, सुई टेकवली. खरखर झाली आणि बाई गाऊ लागली. आम्ही तिघं बसलो. गाणं अर्ध्यावर आलं तेव्हा अण्णा उठले, यंत्राजवळ गेले आणि एक बोट सुईच्या दांडीला लावलं. आईची हाक मधेच तुटली आणि पुढची ओळ सुरू झाली. महानंदा डोळे मिटून ऐकत होती, ती किंचित हसली. त्या जागी ओरखडा होता. बोट लावलं नाही तर सुई तिथंच अडकायची आणि तेच तेच म्हणत राहायची.

गाणं संपलं. अण्णांनी सुई उचलली.

"तिथं ओरखडा आहे वाटतं," ती म्हणाली.

"आहे."

"कुणी पाडला?"

"बहिणीनं. लहान होती. भिंगरी म्हणून फिरवत होती."

"मारलं असेल तिला."

"नाही मारलं." त्यांनी रेकॉर्ड पुसली. "वारली ती."

"कशानं वारली?"

"गिऱ्हाइकानं घरचं विचारू नये, बाई. दुसरी बाजू ऐकायची?"

"ऐकते."

दुसऱ्या बाजूला पाळणा होता. तो झाल्यावर तिनं आणखी एक मागितली, मग आणखी एक. प्रत्येक वेळी ते उठत, काढत, पुसत, लावत. रेकॉर्ड चालू असताना कुणी बोलत नव्हतं. दोन रेकॉर्डींच्या मधे काय बोलता येईल तेवढंच ती बोलत होती.

एक कॉलेजवाला आला. "अण्णा, ती नवीन कॅसेट आली का?" अण्णांनी तोंडावर बोट ठेवलं. तो थांबला, कंटाळला. महानंदा भिंतीला टेकून बसली होती. तो माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "काका, आजी झोपली काय?" ती बेचाळिशीची होती. रेकॉर्ड संपल्यावर अण्णांनी त्याला कॅसेट दिली आणि तो गेला.

तेवढ्यात तिचा पदर सरकला. तिनं लगेच ओढून घेतला, पण अण्णांनी पाहिलं. ते जिथं होते तिथंच उभे राहिले. मला वाटलं, आता बोलतील. त्यांनी पाण्याचा तांब्या आणला आणि तिच्यापुढं ठेवला, एखाद्या गिऱ्हाइकापुढं ठेवावा तसा.

"कुठं दाखवता?" त्यांनी विचारलं.

"पुण्याला."

"काय म्हणतात?"

"पाडव्यापर्यंत म्हणतात."

त्यांनी मान हलवली. बराच वेळ सुयांची डबी उघडत आणि मिटत राहिले. मग त्यांनी माझ्याकडं न बघता माझ्याविषयी सुरू केलं. "याच बाकावर एक जण येऊन बसायचा. रोज ऐकायचा. घेतलं काहीच नाही. मी म्हणायचो, ऐकू दे, कान चांगला आहे. शेवटी जे घेतलं ते न विचारता घेऊन गेला."

माझ्या तोंडाशी आलं होतं. महानंदानं बाकावर ठेवलेला हात माझ्या हातावर दाबला.

"तो बरा निघाला," ती म्हणाली. "त्यानं चांगलं सांभाळलं."

"असेल."

"दादा." आतापर्यंत ती अहो-जाहो करत होती. आता तिचा आवाज बदलला. "दादा, तू मला बाई म्हणू नकोस रे. एकदा नाव घे. मग मी जाते. परत येत नाही."

अण्णा यंत्राकडं वळले. तबकडी रिकामीच फिरत होती. ती त्यांनी हातानं थांबवली. मला त्यांची पाठ दिसत होती. सदऱ्यातून खांद्याची हाडं वर आली होती. बाहेरून रिक्षा गेली, सायकल गेली. लाडलेसाब हॉटेलच्या दारात येऊन उभा होता.

अण्णा म्हणाले, "दुपारी दुकान बंद असतं, बाई."

ती बाकाला धरून उठली. मी तिचा दंड धरला. दारात थांबून ती म्हणाली, "ती गौळण कधी विकायची ठरवलीत तर मला कळवा. फोन करा. दिवसभर घरीच असते." आणि तिनं नंबर सांगितला.

अण्णांनी खडू घेतला. फळीवर नंबर लिहिला. नाव लिहिलं नाही.

चौकातून रिक्षा वळेपर्यंत ती मागं बघत होती. मी म्हटलं, "काय माणूस आहे!" ती म्हणाली, "काही बोलू नका. पाणी दिलं की त्यानं." आणि थोड्या वेळानं म्हणाली, "तो फोन करेल बघा. तोंडावर त्याला जमत नाही. लहानपणी पण रागावला की पलीकडच्या खोलीतून बोलायचा."

बसमध्ये तिची तब्येत त्या दिवसाच्या मानानं बरी होती. मोहोळला बस थांबली तेव्हा तिनं संत्रं मागितलं. पुष्कळ दिवसांनी तिनं आपण होऊन काही मागितलं होतं. अख्खं संत्रं खाल्लं आणि साली माझ्या खिशात कोंबल्या.

घरी आल्यावर तिनं फोनची वायर वाढवून घ्यायला लावली. फोन बाहेरच्या खोलीत होता, तो पलंगाशेजारी स्टुलावर आणला. आमच्या मुलीची दहावी होती, ती फोनवर मैत्रिणींशी बोलायला लागली की महानंदा म्हणायची, "आटप गं, कुणाचा तरी यायचा असेल." रोज विचारायची, "मी झोपले होते तेव्हा वाजला का?" मी म्हणायचो, नाही. पुढं पुढं विचारायची ताकद राहिली नाही, तर नुसती स्टुलाकडं बघायची. मी मान हलवायचो. एकदा मी म्हटलं, "मीच लावू का त्याला?" ती म्हणाली, "नको. गिऱ्हाइकानं घाई करायची नसते."

पाडव्याच्या आधीच्या शनिवारी ती गेली. सकाळी मी चहा घेऊन आलो तर हात स्टुलावर होता.

सगळं उरकल्यावर दोन दिवसांनी मी सोलापूरला गेलो. फोनवर सांगावंसं वाटलं नाही. खरं सांगायचं तर मला त्या माणसाचं तोंड बघायचं होतं. वाटेत काय काय बोलायचं ते मी ठरवून ठेवलं होतं.

चौकात उतरलो आणि पहिल्यांदा लक्षात आलं ते हे की बाजा बंद होता. दुकान उघडं होतं, कर्णा जागेवर होता, पण आवाज नव्हता. मला वाटलं, कुणीतरी इथं कळवलं. मनात म्हटलं, निदान एवढं तरी केलं यानं. ठरवून आणलेलं बोलणं विसरायला झालं.

मी आधी लाडलेसाबकडं गेलो. त्यानं माझं डोकं बघितलं, मी केस काढले होते. त्याला सांगावं लागलं नाही. त्यानं खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "कधी?"

"शनिवारी. इथं कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. मला आता कळतंय."

"मग अण्णांना कसं कळलं? बाजा बंद आहे."

लाडलेसाब माझ्याकडं बघत राहिला. "बाजा?" तो म्हणाला. "बाजा आजचा नाही बंद, नागू. तुम्ही दोघं आला होता ना, त्या दिवसापासून बंद आहे. तुमची रिक्षा वळली तरी त्यानं परत लावला नाही. गिऱ्हाईक येतं, कॅसेट मागतं, तो देतो. ऐकवत नाही. लोक विचारतात, अण्णा, कोण गेलं? तर म्हणतो, घरचं आहे. मी भांडलो बे त्याच्याशी. म्हटलं, अरे ती जित्ती हाय, तिला फोन कर. तर माझ्या हॉटेलात यायचा बंद झाला."

मी बाकावर बसलो. त्यानं पाणी दिलं ते तसंच धरून बसलो. त्या दिवशी बंद केला. म्हणजे आम्ही स्टँडवर पोचायच्या आधी. म्हणजे मोहोळला ती संत्रं खात होती तेव्हा इथं बाजा बंद होता. वायर वाढवून घेतली तेव्हा बंद होता. ती रोज विचारत होती, वाजला का, तेव्हा इथं हा माणूस तिचं सुतक पाळत होता.

मी रस्ता ओलांडून गेलो. अण्णा काही करत नव्हते, नुसते बसले होते. दाढी वाढली होती. फळीवरचे सगळे नंबर पुसलेले होते, एक सोडून.

मी म्हटलं, "महानंदा गेली."

ते माझ्या डोक्याकडं बघत होते. "समजलं होतं."

"कधी समजलं?"

"त्या दिवशी. दिसलंच की."

"त्या दिवशी ती जिवंत होती. शनिवारपर्यंत होती. फोन उशाशी घेऊन पडायची ती. वायर वाढवून घेतली होती तिनं." माझा आवाज चढला होता. "तुम्ही एकदा पण..."

"बाजा बंद केल्यावर फोन कसा करायचा?" ते म्हणाले.

त्यांनी हे रागानं म्हटलं नाही. त्यांना खरंच तसं वाटत होतं. जसं कुणी म्हणावं की दुकान बंद केल्यावर माल कसा द्यायचा.

"तिला फक्त नाव पाहिजे होतं, अण्णा. दोन अक्षरं. ती पण नाही निघाली तुमच्या तोंडातून."

त्यांनी ओठ हलवले. मी वाट पाहिली. आता तिला काही उपयोग नव्हता, तरी मी वाट पाहिली. नाव आलं नाही. ते उठले, पंचा घेतला आणि फळीवरचा नंबर पुसला. सावकाश, खडूची रेघ राहू नये असा. मग यंत्रावरचं कापड काढलं. त्यावर धूळ होती.

"तुमचं व्हायचं असेल," ते म्हणाले. "माझं करून झालंय. दोनदा झालंय. तुम्ही जा आता. मला दुकान सुरू करायचंय."

मला मारायला उठावंसं वाटलं. पण ते ती गौळणीची रेकॉर्ड पंच्यानं पुसत होते, त्या दिवशी पुसली होती तशीच. मी बाहेर आलो.

रस्त्याच्या मध्यावर होतो तेव्हा कर्ण्यातून खरखर ऐकू आली. मग ती बाई गायला लागली. संध्याकाळ झाली, पोर घरी आलं नाही. चौकातले लोक वर बघायला लागले. एका घराच्या खिडकीतून एक बाई म्हणाली, "लागला गं बाजा!" हॉटेलातली माणसं बाहेर आली. कुणीतरी म्हणालं, "अण्णाचं सुतक फिटलं वाटतं." सगळ्यांना बरं वाटलं होतं. इतके दिवस चौक मुका होता. लाडलेसाब एकटा माझ्याकडं बघत होता. "जेवून जा बे," तो म्हणाला. मी हातानंच नको म्हटलं.

कोपऱ्यावर मी थांबलो. ती ओरखड्याची जागा यायची होती. मला वाटलं, आता सुई अडकणार. आतला माणूस कुठंतरी डोकं धरून बसला असणार आणि ती आई एकच अक्षर म्हणत राहणार, आणि सगळा चौक ते ऐकणार. मला ते ऐकायचं होतं.

जागा आली. आईची हाक मधेच तुटली आणि पुढची ओळ सुरू झाली, नेहमीसारखी.

म्हणजे तो यंत्रापाशी उभा होता. बोट लावून.

गाणं संपेपर्यंत मी थांबलो नाही. स्टँडकडं चालायला लागलो.